हात लावू नये

माणसाला एखादा छंद असावा, असं आमच्या बँकेत प्रत्येक सेवानिवृत्ती समारंभात सांगितलं जातं. पण ते निवृत्त होणाऱ्याला. नोकरीत असताना छंद बाळगणारा कारकून म्हणजे ज्याच्याकडे काम कमी आहे असा कारकून, अशी साहेबांची व्याख्या आहे. त्यातून तो छंद लाकडाची छोटी छोटी जहाजं बनवण्याचा असला आणि कारकून जळगावचा असला, म्हणजे मग विचारूच नका.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बी.कॉम.च्या तीन वर्षांत जहाजाशी माझी गाठ एकदाच पडली, ती सागरी विम्याच्या धड्यात. आणि त्या धड्यातलं जहाज पहिल्याच परिच्छेदात बुडालेलं होतं. तरीही हा नाद लागला तो लागलाच. एकदा पीककर्जाच्या टेबलावरची गर्दी ओसरली म्हणून मी एका रद्द पावतीच्या पाठीवर गलबताची नाळ काढत बसलो होतो. समोर यावलकडचे एक केळीवाले आजोबा अंगठ्याची शाई पुसत उभे होते. त्यांनी वाकून पाहिलं.

“साहेब, हाई काय शे?”

“जहाज आहे, बाबा.”

आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मे महिना होता. पंचेचाळीस अंशांत जळगावचा रस्ता तव्यासारखा तापला होता. त्यांनी अत्यंत काळजीने विचारलं, “आन् पानी कोठे शे?”

गेली वीस वर्षं हाच प्रश्न मला निरनिराळ्या भाषांत विचारला जातो आहे. सासरे शुद्ध मराठीत विचारतात, साहेब इंग्रजीत विचारतात, आणि आमची ही न बोलता विचारते. जहाज ठेवलेल्या काचेच्या पेटीकडे एकदा आणि जागेअभावी मोरीच्या माळ्यावर गेलेल्या लोणच्याच्या बरण्यांकडे एकदा, अशी ती नुसती पाहते. त्या आजोबांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देतो.

आमच्या नळाला पाणी येतं (येतं तेव्हा) ते वाघूर धरणाचं. ही वाघूर कुठून येते? अजिंठ्याच्या डोंगरातून, लेण्यांच्या पायाशी घोड्याच्या नालेसारखं वळण घेऊन. आणि त्या लेण्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर एक जहाज रंगवलेलं आहे. पाचव्या शतकातलं. तीन डोलकाठ्यांचं, उंच नाळेचं, पाण्याच्या रांजणांसकट. म्हणजे दीड हजार वर्षं एक जहाज आमच्या उशाशी उभं आहे, त्याच्या पायाखालून वाहत आलेलं पाणी आम्ही सकाळी चहात घालतो, आणि चहा पिता पिता विचारतो, “पानी कोठे शे?”

बरं, ते जहाज नुसतं भिंतीवर राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. त्या चित्रावरून आपल्या नौदलासाठी खरंखुरं जहाज बांधलं गेलं. खिळे न मारता, फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवून. केरळचे कारागीर गोव्यात बसून ते शिवत होते. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं. नाव ‘आयएनएस कौंडिण्य’. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पोरबंदरहून शिडाच्या बळावर मस्कतला निघालं आणि तिथे पोचलंही. पण मला त्यातला सगळ्यांत आवडता भाग निराळाच आहे. हाताशी मूळ आराखडा नव्हता, होतं फक्त चित्र. मग जहाजाची छोटी प्रतिकृती करून ती मद्रासच्या आय.आय.टी.त पाण्यात तपासली. म्हणजे चित्र आणि समुद्र यांच्या मध्ये कोण उभं होतं? खेळण्याएवढी एक बोट! हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्यांनी ती पाण्यात घातली ना? तुम्ही कधी घातली आहे का?” या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या सगळ्या भांडणाचं मूळ तिथे आहे.

आणखी पुरावा हवा? आमची वाघूर, आमची गिरणा, धुळ्याची पांझरा या सगळ्या तापीला मिळतात, आणि तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. सतराव्या शतकात आमच्या धरणगावला इंग्रजांची वखार होती. इथलं कापड सुरतेला जायचं आणि तिथून जहाजात चढायचं. त्याच सुरतेचा लवजी नसरवानजी वाडिया हा जहाज बांधणारा कारागीर १७३६ साली मुंबईला गेला, आणि त्याच्या घराण्याने मुंबईत बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे मलबारी सागवानाचं जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. राहता राहिलं नागपूर. समुद्रापासून आमच्याहून कितीतरी लांब! तरी तिथे एन.सी.सी.चं नौदल युनिट आहे, आणि एन.सी.सी.च्या अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात जहाजांच्या प्रतिकृती करण्याची रीतसर स्पर्धा असते. नागपूरकरांना कोणी ‘पाणी कुठे आहे’ विचारत नाही. विचारलं तर ते संत्रं देऊन विषय बदलत असतील.

तेव्हा पाण्याचा मुद्दा निकाली निघाला. खानदेशात पाणी आहे, जहाज आहे, इतिहास आहे. नाहीत ती फक्त माणसं.

माझ्या माहितीत खानदेशात या नादाचे आम्ही तिघेच. धुळ्याचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, भुसावळचे रेल्वेतून निवृत्त झालेले भाऊसाहेब, आणि मी. सरांचं वय चौऱ्याहत्तर, भाऊसाहेबांचं अडुसष्ट, माझं सत्तेचाळीस. बेरीज एकशे एकोणनव्वद, सरासरी त्रेसष्ट. मला वगळलं तर सरासरी थेट एकाहत्तरावर जाते. त्यामुळे आमच्या मंडळात ‘तरुण रक्त’ हा शब्द निघाला की दोघेही माझ्या टकलाकडे आशेने बघतात.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही धुळ्याला सरांकडे जमतो. विषयपत्रिका ठरलेली. पहिला विषय चहा. दुसरा विषय, कोणाच्या जहाजाचं काम कुठवर आलं. तिसरा विषय, ‘नवीन मुलं का येत नाहीत’. या तिसऱ्या विषयावर गेली आठ वर्षं एकमताने एकच ठराव होतो: आजकालच्या पोरांना धीर नाही. सूचक सर, अनुमोदक भाऊसाहेब. मीही हात वर करत असे. मोबाइल, टीव्ही, शिकवणीचे क्लास आणि आईबापांचे लाड या चौघांना दोषी ठरवून आम्ही भजी खात असू.

आज मला त्या ठरावाविरुद्ध जाहीरपणे मत द्यायचं आहे. ‘पोरांना धीर नाही’ हे वाक्य साफ खोटं आहे. ज्या पोराला धीर नाही म्हणून आपण गळे काढतो, ते पोर मोबाइलमधल्या एका खेळाची एकच पायरी सत्तर वेळा हरतं आणि एकाहत्तराव्यांदा खेळायला बसतं. आम्हां तिघांपैकी कोणी आयुष्यात कुठली गोष्ट सत्तर वेळा हरून पुन्हा केली आहे? मी बँकेची पदोन्नतीची परीक्षा दोनदा हरलो आणि तिसऱ्यांदा पोटदुखीचा अर्ज दिला. दिवाळीत पोरं चार-चार दिवस चिखलात हात घालून किल्ला करतात. पोळ्याला मातीचे बैल करताना शिंग मोडलं तर पुन्हा लावतात. धीर मुबलक आहे. तो आमच्याकडे का खर्च करावा, हे आम्ही त्यांना कधी सांगितलेलं नाही. उलट त्यांनी तो खर्च करू नये याची आम्ही चोख व्यवस्था केली आहे.

ती व्यवस्था कशी, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी जळगावातल्या एका शाळेत प्रदर्शन भरवलं. नऊ जहाजं. सरांची गलबतं, भाऊसाहेबांची मालवाहू जहाजं, आणि मधोमध माझी ‘विक्रांत’. पहिली, जुनी विक्रांत. १९६१ साली नौदलात आली, १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली भंगारात गेली. ती भंगारात निघाल्याची बातमी वाचून मी तिची प्रतिकृती करायला घेतली. दोनशेला एक हे प्रमाण. मूळ जहाज दोनशे तेरा मीटर, माझं एकशे साडेसहा सेंटिमीटर. तीन वर्षं लागली. प्रदर्शनात नऊही जहाजांपुढे सरांनी आपल्या वळणदार अक्षरांत पाट्या लावल्या होत्या. सगळ्यांत मोठ्या पाटीवर लिहिलं होतं: ‘कृपया हात लावू नये’.

सहाशे मुलं रांगेने आली आणि दहा मिनिटांत रांगेने गेली. पोलीस चौकीसमोरून जावं तशी, हात मागे बांधून. फक्त पाचवीतलं एक पोर माझ्यापुढे थांबलं.

“काका, हे पाण्यात चालतं?”

“नाही रे, ही प्रतिकृती आहे.”

“मग हे काय करतं?”

मी प्रमाण सांगितलं, वर्ष सांगितलं, विमानं किती ते सांगितलं. पोराने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, “हो, पण हे करतं काय?”

मी सरांकडे पाहिलं. सरांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात शाळेची घंटा झाली म्हणून आम्ही वाचलो. परतताना एस.टी. स्टँडवर सर म्हणालेच, “बघा. धीर नाही.” मी मात्र गप्प होतो, कारण तो प्रश्न मी त्याआधीही एकदा ऐकला होता. माझ्या घरात.

विक्रांत पूर्ण झाली तेव्हा माझा मुलगा पाचवीत होता. तीन वर्षं तो माझ्या टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बसत असे. हे काय, ते काय, डिंक का, दोरा का. मी उत्तरं देत असे, पण पॉलिशपेपरसुद्धा हातात देत नसे. वाकडा घासला असता. शेवटचा रंग वाळल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बँकेतून आलो, तर हा पठ्ठ्या स्टुलावर चढून विक्रांत दोन्ही हातांत धरून गच्चीच्या जिन्याकडे निघालेला. वर पाण्याची टाकी होती. मला पाहून आनंदाने म्हणाला, “पप्पा, आज सोडू या ना पाण्यात?”

मी काय केलं असेल ते बाप असलेल्या वाचकांना सांगायला नको. विक्रांत आधी सुखरूप खाली ठेवली आणि मग त्याला एक ठेवून दिली. वर ओरडलो, “हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना!” पोरगा आज्ञाधारक निघाला. त्याने त्यानंतर खरोखरच हात लावला नाही. विक्रांतलाही नाही आणि माझ्या टेबलालाही नाही. गेल्या वर्षी तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. बॅग भरताना मी म्हटलं, “एखादी छोटी होडी ने, टेबलावर शोभेल.” तो अगदी सरळपणे म्हणाला, “नको पप्पा, तुटली तर?”

नवीन मुलं का येत नाहीत, याचं उत्तर शोधायला मला धुळ्याला जायची काही गरज नव्हती.

तेव्हा आमच्या प्रायश्चित्ताची कथा ऐका. भाऊसाहेबांना एका जत्रेत पत्र्याची फटफट बोट मिळाली. तुम्ही लहानपणी पाहिली असेल: पोटात एवढासा पत्र्याचा डबा, त्याला मागे दोन नळ्या, खाली तेलाची इवलीशी पणती. आधी नळ्यांत पाणी भरायचं, मग पणती लावायची. डब्यातल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते, वाफ थंड झाली की पाणी परत आत ओढलं जातं, पुन्हा वाफ. डब्यावरचा पातळ पत्रा फटफट वाजतो आणि बोट पुढे जाते. पाणी जेवढं बाहेर जातं तेवढंच आत येतं, मग बोट पुढे का? बाहेर जाताना ते एका धारेत सरळ मागे जातं, आत येताना मात्र चहूबाजूंनी गोळा होऊन येतं. आमच्या बँकेतही असंच आहे: पगार सगळीकडून थोडा थोडा जमतो आणि एका धारेत जातो. फरक इतकाच, की मी पुढे सरकत नाही. या बोटीचं पेटंट थॉमस पिओ नावाच्या गृहस्थाने १८९१ साली इंग्लंडात घेतलं होतं. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ही पत्र्याची पोरगी बिनातक्रार पोरं जमवते आहे, आणि आम्ही तिघे विद्वान पाट्या लिहितो आहोत.

आमच्या इमारतीच्या मागे बांधकामाच्या वेळचा सिमेंटचा हौद पडून आहे. गुडघाभर पाणी राहतं. एका रविवारी सकाळी मी त्यात ती बोट सोडली आणि कोणालाही न बोलावता शेजारी बसून राहिलो. दहा मिनिटांत अकरा मुलं. त्यांत चार मुली. ‘मुलगे येत नाहीत’ या रडगाण्यात आम्ही मुलींना आठ वर्षांत एकदाही मोजलं नव्हतं, हे मला त्या हौदाच्या कठड्यावर उमजलं.

“काका, अशी करायला शिकवा ना.”

सामानाचा प्रश्नच आला नाही. आम्ही तिघे बाल्सा नावाचं परदेशी हलकं लाकूड मिळत नाही म्हणून उसासे टाकत होतो. मुलांनी केळीचं सोपट आणलं, बाशिंगवाल्याकडचा भेंड आणला, डोलकाठीला पऱ्हाट्यांच्या काड्या आणल्या. एकाने पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून त्याचा सांगाडा केला. जळगावचं पोर पाइपशिवाय विचार करू शकत नाही. एकाला शिडाला पुठ्ठा हवा होता, त्याने माझ्या खोलीतून सरांची ती पाटीच कापून आणली. दुपारी त्याची होडी हौदात उतरली तेव्हा शिडावर वळणदार अक्षरांत एवढंच उरलं होतं: ‘हात लावू’.

अकरा होड्या. सात बुडाल्या. काय हशा झाला! प्रदर्शनात सहाशे मुलांत मिळून मी जो आवाज ऐकला नव्हता, तो अकरांत ऐकला. आणि बुडाल्या म्हणूनच मुलं प्रश्न विचारू लागली. माझी का कलंडली, हिची का नाही? मी बी.कॉम. असल्याने आर्किमिडीज मला खतावणीच्या भाषेतच सांगता येतो. म्हटलं, होडीचं जेवढं वजन, तेवढ्याच वजनाचं पाणी तिने बाजूला सारायला हवं. नावे बाजू, जमा बाजू. ताळेबंद जुळला की तरंगली, वजन वाढून जमेला पाणी कमी पडलं की बुडाली. सातवीतली एक मुलगी ऐकत होती. तिने काही न बोलता होडीच्या तळाशी सायकलचा एक नट बांधला. होडी सरळ उभी राहिली आणि पार पलीकडे गेली. वजन खाली असावं, हे मला कळायला दोन वर्षं आणि तीन पुस्तकं लागली होती.

पॅरिसला लक्झेंबर्ग बागेत एक उथळ तळं आहे. तिथे मुलं शिडाची लाकडी होडी भाड्याने घेतात, काठीने ढकलतात आणि पलीकडच्या काठावर तिची वाट बघतात. बस्स, एवढंच. कित्येक पिढ्या झाल्या. आपल्याकडे प्रत्येक शहरात बागेत कारंजं असतं. त्यात पाणी नसतं, बाकी सगळं असतं. मेहरूण तलावाचं खोल पाणी लहान मुलांच्या कामाचं नाही, हे मला मान्य आहे. पण गुडघाभर पाण्याचा एक हौद आणि शेजारी लक्ष ठेवायला एक निवृत्त आजोबा, एवढं कुठल्याही बागेला परवडेल. आजोबांचा तर आपल्याकडे पुरवठा मुबलक आहे.

या सगळ्यावर मी बँकेच्या सवयीने आमच्या मंडळासाठी एक परिपत्रक काढलं. एक: पहिली होडी त्याच संध्याकाळी पाण्यात उतरली पाहिजे. दोन: ती मुलाने केलेली असावी, काकांनी नव्हे. तीन: ती बुडू द्यावी. चार: कोणत्याही पाटीवर ‘नये’ हा शब्द नसावा. पाच: मोठ्या जहाजाचा विषय मुलाने काढेपर्यंत आपण काढू नये. (चौथं कलम पाट्यांपुरतं आहे.)

परिपत्रक वाचून सर संतापले. “हे खेळणं आहे, जहाज नाही! उद्या बिस्किटाच्या पुड्यात काडी खोचून तिला गुराब म्हणाल. आंग्र्यांच्या गुराबेला दोऱ्यांचं जाळं असतं. एकेका दोराला नाव असतं, काम असतं. ते कोण शिकणार? हौदातली पोरं?”

इथे मला कबूल केलं पाहिजे, की सरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. सोपटाच्या होडीने इतिहास टिकत नाही. ‘कौंडिण्य’ शिवलं गेलं ते केरळात शिवण्याची विद्या कोणाच्या तरी बोटांत जिवंत होती म्हणून. नुसत्या चित्राने फळ्या जोडल्या जात नाहीत. बोटांतली विद्या पुस्तकात मावत नाही, ती दुसऱ्या बोटांतच उतरावी लागते. पण सर, ती दुसरी बोटं आणायची कुठून? आधी ओली झालेलीच बोटं पुढे दोरा धरतील. कोरड्या बोटांना आपण दारातूनच परत पाठवतो.

हे मी सरांना तोंडावर बोललो नाही. त्याला कारण आहे. सरांची गुराब दोन वर्षं तशीच आहे. सांगाडा झाला, डोलकाठ्या झाल्या, तोफा झाल्या; दोऱ्या तेवढ्या राहिल्या. सर म्हणतात हवा तसा दोरा मिळत नाही. दोरा मिळतो. सरांचा हात कापतो. भजीची बशी पुढे करताना कापतो, ते आम्ही दोघे पाहतो आणि चहाचं आधण बघायला उठतो.

मागच्या महिन्यात मी सरांना फोन केला. म्हटलं, सर, या वेळची बैठक जळगावला घेऊ, गुराब घेऊन या. ते धुळ्याहून एस.टी.ने आले, खोक्यातली गुराब मांडीवर घेऊन. कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट मागितलं, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. ते खरं की विनोद, कळलं नाही. सातवीतली ती नटवाली मुलगी मी बोलावून ठेवली होती. सरांनी खोकं उघडलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग विचारलं, “सर, हे दोर ओढले की काय होतं?”

माझ्या पोटात धस्स झालं. पण सर शिक्षक होते. त्यांनी सांगायला सुरुवात केली. हा ओढला की शीड चढतं, हा सोडला की वाऱ्याला तोंड फिरवतं. सांगता सांगता त्यांनी दोरा तिच्या हातात दिला. पहिली गाठ तिने चुकीची मारली. सरांचा हात तिच्या हाताकडे गेला आणि मध्येच थांबला. मला वाटलं, आता म्हणतात, ‘हात लावू नकोस’. सर म्हणाले, “सोड. पुन्हा मार.” तिने सोडली, पुन्हा मारली. पाचव्यांदा जमली. पाच वेळा! आणि ठराव काय, तर पोरांना धीर नाही.

आतापर्यंत नऊ दोर झाले आहेत. अजून बरेच बाकी आहेत. ती म्हणते, दहावीपर्यंत होईल. सर म्हणतात, मग मलाही तोवर थांबावं लागेल.

हे सगळं मी मुलाला फोनवर सांगितलं. तो हसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “पप्पा, आपली विक्रांत तरंगेल का हो?” मी म्हटलं, हिशेब केला आहे. खऱ्या विक्रांतचं वजन वीस हजार टन धरलं तर आपलीचं अडीच किलो असायला हवं. काल काट्यावर ठेवली, एक किलो सहाशे भरली. तळाशी नऊशे ग्रॅम टाकावे लागतील, नाहीतर कलंडेल. तो म्हणाला, “दिवाळीला येतो तेव्हा टाकू. मी टाकीन.” मी म्हटलं, तूच टाक. बुडाली तर बुडाली.

फोन ठेवला तर ही दारात उभी. सगळं ऐकलं होतं. “म्हणजे ती पेटीतून बाहेर निघणार?”

“निघणार.”

“परत आत नाही ना जाणार?”

“बहुतेक नाही.”

ती काही न बोलता आत गेली आणि मोजपट्टी घेऊन आली. त्या काचेच्या पेटीत लोणच्याच्या सहा बरण्या नीट बसतात.